एकटीनं, साध्या गाडीनं फिरणारं कुणी आहे का? तुमच्या सवयी सांगाल?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडची. वय 47, पतसंस्थेत नोकरी. लेक शिकायला पुण्याला गेली आणि बऱ्याच वर्षांनी असं झालं की रजा टाकली तर ती माझी मला मिळते.

मागच्या डिसेंबरात एका यात्रा कंपनीबरोबर म्हैसूर-बंगळूर केलं. जेवणखाण, खोल्या सगळं नीट होतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. म्हैसूरहून परतताना आम्ही जुन्या रस्त्यानं आलो, वाटेत रामनगर लागलं. एका टेम्पोतून पोती उतरवत होते. एका पोत्याचं तोंड सुटलं होतं आणि आत रेशमाचे पिवळे कोष दिसत होते. एवढी वर्षं रेशमी साड्या नेसले, पण कोष कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबवा की. पुढं जेवणाची वेळ ठरलेली होती, गाडी थांबली नाही. मान वळवून दिसेल तेवढं बघितलं, झालं.

घरी आल्यावर ठरवलं, आता आपलं आपण जायचं. पण मला यातलं काहीच येत नाही. ठिकाण कसं ठरवता? एकट्या बाईनं उतरायचं कुठं? सामान किती घेता? कंटाळा येतो का, भीती वाटते का? आणि तुमच्या मनात राहिलेला एखादा प्रवासही सांगा. मिरजेच्या बाई इथं अधूनमधून लिहितात. त्यांनी वेळ काढला तर फार बरं होईल.

घाटमाथा

माझं मन हिमाचलात रमतं. रिकाँग पिओहून काझाला जाणारी हिमाचल परिवहनची सकाळची बस धरा. सतलजच्या काठाकाठानं गाडी चढते, खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून पुढं झाडं संपतात, नुसते उघडे डोंगर. मी ताबोला एका रात्रीसाठी उतरलो आणि तीन रात्री राहिलो. तिथला मठ इ.स. 996 मधला. बाहेरून मातीच्या साध्या भिंती दिसतात. आत डोळे अंधाराला सरावले की एकेक चित्र उमटायला लागतं. दिवा लावू देत नाहीत, त्यामुळं बसून राहावं लागतं. मी रोज सकाळी तासभर बसायचो.

एक सूचना मात्र मनावर घ्या. मनालीकडून एकदम वर जाऊ नका, किन्नौरकडून जा. कल्प्याला दोन रात्री काढा, मग पुढं. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि उंची सावकाश चढली तरच अंगाला सोसते. गोळ्या घेतल्या म्हणजे घाई चालते असं नाही.

मिरजेच्या बाई

कोयनाकाठ, तुमचं रामनगर वाचलं आणि दुपारची आवराआवर तशीच ठेवून लिहायला बसले.

माझ्या फिरण्याच्या सवयी नोकरीतून आल्या आहेत, म्हणून तिथूनच सांगते. 1985 साली मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. नेमणूक जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावात. निम्म्या घरांत कन्नड. पोरं वर्गात मराठी बोलायची आणि ठेच लागली की कन्नडात रडायची. गावाला दिवसाकाठी एकच एसटी. संध्याकाळी जतहून यायची, रात्रभर देवळासमोर उभी राहायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायची. वस्तीची गाडी.

गाडी आली की ड्रायव्हर उतरून आधी मागच्या चाकाला दगड लावायचा. कंडक्टर कंदिलाच्या उजेडात पत्र्याच्या पेटीवर वेबिल लिहीत बसायचा. कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण यायचं. दोघं गाडीतच झोपायचे, दोन बाकांच्या दांड्यांना मच्छरदाणी बांधून. पहाटे इंजिन तापवायला सुरू केलं की गावातले दिवे एकेक करून लागायचे. आणि मग त्या बायका यायच्या. तीन-चार जणींच्या हातात जेवणाचे डबे, डब्यावर ऑइलपेंटनं पोराचं नाव. पोरं जतला खोली करून कॉलेजला होती. कंडक्टर ते डबे ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या बॉनेटवर ओळीनं मांडायचा, म्हणजे स्टँडवर पोचेपर्यंत भाकरी गरम राहायची. स्टँडवर पोरं थांबलेली असायची. कालचा रिकामा डबा द्यायचा, आजचा भरलेला घ्यायचा. सहा वर्षांत मी त्यातला एकही डबा हरवलेला बघितला नाही.

तेव्हापासून मी कुठंही गेले तरी आधी हेच विचारते की मुक्कामाची गाडी कुठली. तालुक्याच्या स्टँडवर दुपारी पोचायचं, चौकशीच्या खिडकीशी उभं राहायचं आणि विचारायचं, आज वस्तीला कुठल्या कुठल्या गाड्या जातात? ते चार-पाच गावं सांगतात. त्यातलं एक मी धरते. ज्या गावाला गाडी रात्री थांबते तिथं रस्ता संपलेला असतो, पुढं एक तर समुद्र असतो, डोंगर असतो नाहीतर दुसऱ्या राज्याची हद्द. तिथून कुणाला कुठं जायची घाई नसते. गावातली माणसं घराबाहेर बसलेली सापडतात.

पण असं अंदाधुंद जायचं नाही. जायच्या आधी गावातल्या शाळेत फोन करून मुख्याध्यापकांशी बोलून ठेवते. मी त्याच खात्यातली, त्यामुळं ओळख निघतेच. तुम्ही पतसंस्थेत आहात, तिथल्या सोसायटीच्या सचिवाला गाठा. गावात जेवू-झोपू घालणारं घर कुठलं, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. आणि दिवेलागणीच्या आत पोचायचं. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

सामान म्हणाल तर खांद्याला एक शबनम आणि हातात एक पिशवी, उचलून शंभर पावलं न थांबता चालता येईल एवढंच. दोन साड्या, एक गाऊन, पंचा, अंगावर घ्यायला सोलापुरी चादर. सेफ्टी पिना, सुतळीचं छोटं बंडल, स्टीलचा पेला, बॅटरी. घाटात मळमळतं म्हणून आवळासुपारीची डबी. पहिल्या दिवसाला दशम्या आणि शेंगाची चटणी. दशम्यांची कणीक दुधात भिजवली, पाण्याचा थेंब लावला नाही, तर दोन दिवस चांगल्या राहतात. तिसऱ्या दिवसापासून मात्र गाव जे खाईल ते खायचं. सकाळी लोक काय खातात ते बघावं. कोकणात घावणे, आमच्या जतकडं शिळी भाकरी कुस्करून ताक घालून. दुपारचं जेवण हॉटेलात कुठंही मिळतं, न्याहारी मात्र ज्या त्या गावाची वेगळी असते.

चाकावरची सीट घ्यायची नाही, गुडघे मोडून येतात. मागचा लांब बाक तर नकोच. मी दाराच्या मागं दोन-तीन बाक सोडून बसते. चढणारा-उतरणारा दिसतो, त्याच्या हातात काय आहे ते दिसतं आणि पुढं कुठला बाजार भरलाय ते कळतं.

तिकिटं सगळी जपून ठेवते. शंभरपानी वहीत खळीनं चिकटवलेली. जुनी तिकिटं रंगीत असायची, ट्रेमधून काढून कंडक्टर चिमट्यानं भोक पाडून द्यायचा. ती अजून तशीच्या तशी आहेत. आताच्या मशीनच्या तिकिटावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात, म्हणून चिकटवल्या रात्रीच गाव आणि तारीख पेनानं शेजारी लिहून ठेवते. बाविसावी वही चालू आहे.

आता मनात राहिलेला प्रवास. मार्च 2024, अलिबागहून रत्नागिरी, सहा दिवस, सगळा किनाऱ्याकिनाऱ्यानं. मधे आडव्या येणाऱ्या खाड्यांपैकी चार फेरीबोटीनं ओलांडायच्या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. एसटीनं धक्क्याजवळ उतरायचं, बोटीनं पलीकडं जायचं, पलीकडं पुढच्या एसटीची वाट बघायची. घाई असेल त्यानं या रस्त्यानं जाऊच नये.

बागमांडल्याला मी पोचले तेव्हा ओहोटी होती. बोटीचा लोखंडी फळा धक्क्यावर पडला तो चांगलाच उतरता, वर शेवाळ आणि चिखल. आधी मोटारसायकली गेल्या, मग दोन जीपा. मी कडेला घाबरून उभी. एक कोळीण डोक्यावर सुकटाची पाटी घेऊन आली. एका हातानं पाटी धरलेली, दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "खाली बघू नकोस, माझ्या पाठीकडं बघ." तशी मी सावित्रीवरच्या बोटीत चढले. पलीकडं वेश्वीला उतरताना तिनं पुन्हा हात दिला आणि एक वाटाभर सुकट माझ्या पिशवीत घातलं. पैसे द्यायला गेले तर ती चालायला लागलीसुद्धा. ते सुकट प्रवास संपेपर्यंत बरोबर होतं, पिशवीला वास लागला तो अजून गेला नाही आणि मी ती पिशवी बदललीही नाही.

तिथून वेळासला गेले, नाना फडणवीसांचं गाव. तिथं समुद्रकासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले जातीची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 साली हे काम हाती घेतलं, पुढं गावानं उचललं. कोल्ह्याकुत्र्यांनी आणि माणसांनी अंडी नेऊ नयेत म्हणून ती कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरून ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची, असली तर पाण्याकडं सोडायची.

मी गेले त्या सकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं. पुण्या-मुंबईची बरीच माणसं आली होती, पहाटेपासून किनाऱ्यावर उभी. त्यांना पुढं जायचं होतं, नऊच्या आत सगळे पांगले. मी ज्या घरी उतरले होते त्या काकूंना विचारलं, अजून एक दिवस राहू का? संध्याकाळीही काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली आणि खालची वाळू हलायला लागली. अकरा पिल्लं. काडेपेटीएवढी, काळपट, अंगाला वाळू चिकटलेली. ओल्या वाळूत सोडल्यावर त्यांच्या चालीच्या बारीक रेघा उमटत होत्या, मधे एक आणि दोन्ही बाजूंना टिंबं टिंबं, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारख्या. एक पिल्लू वाटेतच थांबलं. आम्ही मोजून सात-आठ माणसं होतो. कुणी बोललं नाही, कुणी हात लावला नाही. मग एक लाट थोडी पुढं आली आणि ते गेलं.

म्हणून सांगते, ठिकाणं कमी करा आणि एक दिवस शिल्लक धरा. रामनगरला तुम्हाला पाच मिनिटं हवी होती, खरं तर दोन दिवस हवेत.

निवृत्त वाहक

बाई, बॉनेटवरचे डबे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी 33 वर्षं एसटीत वाहक होतो, शेवटची बारा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात. डबे मीही नेले. त्यांची पार्सलची पावती कधी फाडली नाही आणि कुणाकडून एक पैसा घेतला नाही. एकदा एका मुलाचा डबा चार दिवस तसाच परत आला. पाचव्या दिवशी मी त्याची खोली शोधत गेलो, तर तो तापानं पडलेला. त्याच गाडीनं त्याला घरी नेलं. आज तो मुलगा शिक्षक आहे आणि दर 1 जूनला मला फोन करतो. 1948 साली त्या तारखेला पुणे-नगर पहिली गाडी सुटली होती आणि आमच्या आगारात त्या दिवशी गाडीला तोरण लागायचं. त्याला हे मीच एकदा सांगितलं होतं.

ताईंसाठी कामाच्या गोष्टी सांगतो.

मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पण गाडी परराज्यात जाणारी असेल तर सवलत आपल्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण. घरात कुणी 75 च्या पुढचं असेल तर त्यांना फुकट, त्यांनाही बाहेर काढा. चार आणि सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास मिळतो. रोज लांबची गाडी धरणार असाल तर तो घ्या. बाईंसारखं थांबत थांबत जाणाऱ्यानं आधी हिशेब करून बघावा.

वस्तीच्या गाडीबद्दल एक धोक्याची सूचना. या गाड्या बहुतेक शाळा-कॉलेजच्या पोरांवर चालतात. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बऱ्याच बंद असतात. गणपतीत आणि आषाढीला गाड्या जादा वाहतुकीला पाठवतात, तेव्हाही खेड्यातल्या फेऱ्याच आधी रद्द होतात. फलकावर वेळ लिहिलेली असते, पण तिच्यावर जाऊ नका. ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी वाहतूक नियंत्रकाला विचारा. आणि गाडीत बसल्यावर वाहकाला सांगून ठेवा की मी सकाळी याच गाडीनं परत येणार आहे. सांगितलेलं असलं की तो तुम्ही आल्याशिवाय घंटी मारणार नाही. मी तरी कधी मारली नाही.

कोयनाकाठ

बाई, काका, घाटमाथा, सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, सुकटाची पिशवी तेवढी आपल्या घरात नको.

बाई, मला अगं-तुगं करा, मी तुमच्या विद्यार्थिनीच्या वयाची आहे. एकच विचारायचं राहिलं. गावात शाळेची ओळख निघाली तर ठीक. पण शहरात, जिथं कुणीच ओळखीचं नाही, तिथं एकट्या बाईला खोली देतात का? आणि भाषा येत नसेल तिथं तुम्ही काय करता?

मिरजेच्या बाई

अगं, देतातच असं नाही. खोटं सांगणार नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका जिल्ह्याच्या गावी रात्री साडेआठला पोचले, गाडी वाटेत बिघडली होती. स्टँडसमोरच्या लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसानं आधार कार्ड बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं कुणी येतंय का ते बघितलं आणि म्हणाला, एकट्या लेडीजला आम्ही देत नाही. मी 57 वर्षांची, तेहेतीस-चौतीस वर्षं पोरं शिकवलेली बाई. मी विचारलं, का देत नाही? तो म्हणाला, नियम आहे. कुठं लिहिलाय तो दाखवा म्हटलं, तर मान फिरवून टीव्ही बघायला लागला. दुसऱ्या लॉजवरही तेच. ती रात्र मी स्टँडवरच्या बाकावर काढली, नियंत्रकाच्या केबिनसमोर, उजेडात. त्या भल्या माणसानं रात्री दोनदा चहा पाठवला. मला आजही त्या काउंटरवरच्या माणसाचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

त्यानंतर मी शहरात खोली आधी फोन करून ठरवते आणि फोनवर पहिलंच वाक्य म्हणते, "मी एकटी बाई आहे, चालेल ना?" नाव, वेळ लिहून घेते. भक्तनिवासांवरही डोळे झाकून विसंबू नकोस. बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, बाई असो की पुरुष. रेल्वे स्टेशनवर विश्रामकक्ष असला तर मला तो सगळ्यात बरा वाटतो. तिकीट हातात, स्टेशनवर रात्रभर माणसं जागी.

भाषेचं म्हणशील तर निघायच्या आधी मी पाच शब्द पाठ करते. पाणी, जेवण, गाडी, किती आणि पुरे. पाचवा सगळ्यात कामाचा. जतला असताना 'ऊट आयता?' एवढं विचारता यायला लागलं आणि म्हाताऱ्या बायका मला ओट्यावर बसवून घ्यायला लागल्या. तमिळनाडूत 'पोदुम' म्हणजे पुरे. ते येत नसेल तर केळीच्या पानावर भात थांबत नाही.

तंजावरचं सांगते, कारण भाषेवरून तेच आठवलं. जानेवारी 2019. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूर, तिथून रात्रीच्या गाडीनं तंजावर. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं बांधलं, 1010 साली पुरं झालं, हे पाठ्यपुस्तकात मीच शिकवलं होतं. पण मी गेले होते ती एका भिंतीसाठी. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली भोसल्यांच्या कुळाचा इतिहास त्या देवळाच्या आवारातल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतलाय, देवनागरीत. दगडावरचा एवढा लांब लेख मी दुसरा पाहिला नाही.

चहूकडं तमिळ. रिक्षावर, दुकानावर, बसवर एक अक्षर वाचता येत नव्हतं. चार दिवस मी निरक्षर होते. आपल्या शाळेत पहिल्या दिवशी येणाऱ्या पोराला काय वाटत असेल ते मला नोकरीच्या शेवटाला तिथं कळलं. आणि देवळाच्या त्या भिंतीशी गेले तर समोर क, म, भ, श. बोट ठेवून वाचायला लागले. शब्द न तोडता सलग कोरलेत, जुनी वळणं आहेत, एकेक ओळ लावायला वेळ लागतो. तासाभरात जेमतेम हातभर वाचून झालं असेल. उन्हानं दगड तापला होता.

मागं एक आजी उभ्या होत्या, पांढऱ्या केसांत मोगरा. मला वाटलं त्यांना पुढं जायचंय, म्हणून सरकले. त्या मराठीत बोलल्या! सूर सगळा तमिळ, शब्द आपले, मधेच एखादा आमच्या पणजीच्या तोंडचा. तिथल्याच. कित्येक पिढ्या तंजावरात गेल्या, घरात अजून मराठी बोलतात. पण त्यांना देवनागरी वाचता येत नव्हतं, शाळा सगळी तमिळमध्ये झाली होती. लहानपणापासून त्या देवळात येत होत्या आणि ही भिंत आपल्या भाषेत आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, तू वाच, मी ऐकते.

मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अडखळत. त्या एकेक शब्द तोंडातल्या तोंडात परत म्हणायच्या. काही शब्द मला अडले तेव्हा अर्थ त्यांनीच सांगितला, कारण ते त्यांच्या घरात अजून चालतात आणि आपल्याकडं विसरले गेलेत. दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी सुनेला. चौथ्या दिवशी माझी गाडी होती. भिंत अर्धीही झाली नव्हती.

मी परत जाणार आहे. मधे कोरोना आला, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण आता चालता येतंय. कुठपर्यंत वाचलं ते सोळाव्या वहीत लिहून ठेवलंय.

बंगळूरची मराठी बाई

कोयनाकाठ, रामनगरच्या रेशीमकोषांच्या बाजाराचं मी सांगते. मी बंगळुरात 19 वर्षं राहते आणि तिथं तीनदा गेले आहे.

आधी वेळ सांगते, सकाळची जा. शेतकरी रात्री-पहाटेच कोष घेऊन आलेले असतात आणि लिलाव सकाळी होतो. कोष जिवंत असतो ना, आतला किडा पतंग होऊन बाहेर पडायच्या आत सूत काढायला हवं. म्हणून कोषाला थांबता येत नाही. मोठाल्या दालनात ओळीनं ट्रे लावलेले असतात. पिवळे वेगळे, पांढरे वेगळे. पिवळे संकरित जातीचे, पांढरे दुबार (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या) जातीचे, आणि पांढऱ्याला भाव जास्त. सूत काढणारे लोक ट्रेमध्ये हात घालतात, मूठभर कोष उचलतात, दाबून बघतात, कानाशी नेऊन हलवतात. मलाही एकानं हलवून दाखवला. आत किडा खुळखुळतो. खुळखुळला म्हणजे कोष पक्का झाला.

आणखी एक, वासाची तयारी ठेवा. पहिल्यांदा गेले तेव्हा पाच मिनिटांत बाहेर आले होते. दहा मिनिटांनी परत आत गेले आणि दुपारपर्यंत थांबले. जवळपासच्या गल्ल्यांत सूत काढणारी घरं आहेत, नीट विचारलं तर आत येऊ देतात. कढत पाण्यात कोष फिरत असतात आणि बाई बोटांनी त्यातून एक तार उचलते. ती तार डोळ्यांना दिसतच नाही, तिच्या बोटांना मात्र कळते.

बंगळूर-म्हैसूर लोहमार्गावरच स्टेशन आहे. पहाटे बंगळूरहून लोकल गाडी धरा. आदल्या रात्री माझ्या घरी उतरलात तर मी बरोबर येईन, नाही तर स्टेशनपर्यंत सोडायला.

कोयनाकाठ

तिकीट काढलं! पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारचं, राणी चन्नम्मानंच. येताना एक दिवस जास्तीचा धरलाय. कराडहून सकाळच्या गाडीनं मिरजेला येते आणि तिथून बसते. बंगळूरच्या ताई, तुम्हाला निरोप पाठवलाय. बाई, कन्नडातले पाच शब्द द्या ना.

मिरजेच्या बाई

नीरू, ऊट, गाडी, एष्टु, साकु.

गाडीला कन्नडातही गाडीच म्हणतात, म्हणजे तुला चारच पाठ करायचेत. मिरजेला उतरलीस की स्टेशनवर बसू नकोस, माझं घर रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. जेवून जा. कणीक दुधात भिजवून ठेवते. तुझा डबा मात्र मोकळा घेऊन ये, दशम्या त्यात बांधून देईन.